घोडबंदर रस्त्यावरचा दोघांच्या नावाचा फ्लॅट: नवऱ्याने न्यायालयाकडे विक्री मागितली आहे, घर राखता येईल का?

कासारवडवलीची वाचक

नमस्कार. प्रश्न थोडा मोठा आहे, पण अर्धवट माहितीवर कोणी काही सांगावे असे मला वाटत नाही, म्हणून सगळे नीट लिहिते.

आम्ही २०१३ साली घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला दोन बेडरूमचा फ्लॅट ७२ लाखांना घेतला. करारनामा दोघांच्या नावाने आहे, पण कोणाचा किती हिस्सा याचा त्यात कुठेही उल्लेख नाही. कर्ज ५० लाखांचे होते आणि त्यातही आम्ही दोघे सहकर्जदार आहोत. उरलेल्या २२ लाखांपैकी ९ लाख माझे लग्नातले दागिने मोडून आले, ६ लाख माझ्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून दिले आणि ७ लाख नवऱ्याच्या बचतीतले होते. पुढे हप्ते त्याच्या पगाराच्या खात्यातून जात आणि घरखर्च, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स हे माझ्या पगारातून चाले. तेव्हा कोणी हिशेब मांडत नव्हते.

दोन वर्षे आठ महिन्यांपूर्वी तो घर सोडून गेला. त्या महिन्यापासून ४६ हजारांचा हप्ता मी एकटी भरते आहे. एकही हप्ता चुकलेला नाही. कर्ज आता सुमारे २६ लाख शिल्लक आहे. आमच्याच इमारतीतला तसाच फ्लॅट नुकताच १ कोटी ४० लाखांना गेला. घटस्फोटाची याचिका ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आहे आणि आता त्याने तिथेच वेगळी याचिका केली आहे, की फ्लॅटची वाटणी करावी आणि ती प्रत्यक्ष शक्य नसल्यामुळे न्यायालयाने फ्लॅट विकून येणारी रक्कम निम्मी निम्मी द्यावी. मला लेखी म्हणणे द्यायला पुढच्या तारखेपर्यंत मुदत आहे.

मुलगा नववीत आहे. दहावी होईपर्यंत तरी त्याचे घर हलू नये असे मला मनापासून वाटते, आणि खरे सांगायचे तर मलाही हे घर सोडायचे नाही. माझे दीर समजूतदार आहेत, त्यांच्याशी बोलणे होते. त्यांचे म्हणणे असे की, "वहिनी, तुम्हीही विक्रीला होकार लिहून द्या, निम्मे पैसे घ्या आणि मोकळ्या व्हा." माझी आई म्हणते की बायकोला घरातून कोणी काढू शकत नाही, तू काहीच लिहून देऊ नकोस. दोघेही माझ्या भल्याचेच बोलतात, पण दोघांचेही बरोबर कसे असेल? न्यायालय खरोखर राहते घर विकायला लावू शकते का? आणि मला घर ठेवायचे असेल तर काय मागायचे?

नौपाडा वकिली

ताई, मी गेली बरीच वर्षे ठाण्यात दिवाणी आणि कौटुंबिक कामे पाहतो. तुमची मूळ कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे पुढचे सर्व तुमच्या वकिलांसमोर ठेवून पडताळून घ्या.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. न्यायालय राहते घरसुद्धा विकायला लावू शकते. मात्र तुमच्या दिरांनी सुचवलेला "विक्रीला होकार" हे तुम्ही आत्ता करू नये असे एकमेव काम आहे. का, ते जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे.

आपल्याकडे लग्न झाले म्हणून नवरा-बायकोची मिळकत एक होत नाही. गोव्यात जुन्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यामुळे ती सामाईक धरली जाते, महाराष्ट्रात तसे नाही. पत्नीला पतीच्या स्थावर मिळकतीत वाटा देण्याची तरतूद असलेले एक विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये मंजूर केले होते, पण लोकसभेची मुदत संपली आणि ते तिथेच विरले. माझ्या मते ते मोठे नुकसान झाले. हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ लोक नेहमी पुढे करतात, पण ते लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून भेट आलेल्या वस्तूंबद्दल आहे. तुमचा फ्लॅट त्यात बसत नाही. म्हणजे कौटुंबिक न्यायालयापुढेही तुम्ही दोघे या फ्लॅटपुरते दोन सहमालकच आहात. याचिका मात्र योग्य ठिकाणी आहे. पती-पत्नींमधील मिळकतीचे वाद कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ खाली तिथेच चालतात आणि घटस्फोट झाल्यानंतरही ते तिथेच चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले आहे.

सहमालकांमधल्या विक्रीचा कायदा फार जुना आहे, १८९३ चा वाटणी कायदा. त्याचे कलम २ असे सांगते की मिळकतीचे तुकडे करणे सोयीचे किंवा शक्य नसेल आणि निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या सहमालकाने विनंती केली, तर न्यायालय वाटणीऐवजी विक्रीचा आदेश देऊ शकते. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये भिंत घालून वाटणी करा असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही, तेव्हा तो अडसर तुमच्या यजमानांना नाही.

आता कलम ३ नीट वाचा. एका सहमालकाने विक्री मागितली, की दुसरा सहमालक असा अर्ज करू शकतो की विक्री मागणाऱ्याचा हिस्सा मूल्यांकनाने ठरेल त्या किमतीला मला विकत द्यावा. असा अर्ज आला की मूल्यांकन करवून घेणे आणि त्या किमतीला तो हिस्सा अर्जदाराला देऊ करणे हे न्यायालयावर बंधनकारक आहे. इतकेच नाही, तर असा अर्ज आल्यानंतर विक्री मागणाऱ्याला "मी माझा दावाच मागे घेतो" असे म्हणून निसटता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ठरवले आहे. थोडक्यात, ज्याने आधी "विका" म्हटले त्याने समोरच्याच्या हातात खरेदीचा हक्क दिला. तुमच्या यजमानांनी तो तुम्हाला दिलेला आहे. तुम्हीही "विका" असे लिहून दिलेत की तुम्ही दोघेही विक्री मागणारे होता, आणि मग कोणी कोणाचा हिस्सा घ्यायचा हा प्रश्नच उरत नाही, घर सरळ लिलावाकडे जाते.

म्हणून लेखी म्हणण्यात विक्रीला विरोध नोंदवा आणि त्यासोबत, "न्यायालय विक्रीच्या निष्कर्षाप्रत आल्यास" असे शब्द घालून, कलम ३ चा स्वतंत्र अर्ज द्या. एक सावधगिरी सांगतो. मूल्यांकन झाल्यावर त्या किमतीला घ्यायला तुम्ही नकार दिलात, तर त्या अर्जाचा सगळा खर्च तुमच्या अंगावर पडतो. तेव्हा पैशांची जुळणी आधी करा.

हिश्शाचा मुद्दाही सोडू नका. निम्मे निम्मे हे यजमान गृहीत धरत आहेत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे दोघांनी मिळून घेतलेल्या मिळकतीत, वेगळा करार नसेल तर, ज्याने जितका मोबदला भरला त्या प्रमाणात त्याचा हिस्सा, आणि कोणी किती भरले याचा पुरावा नसेल तरच समान हिस्सा मानतात. दागिने मोडल्याची सराफाची पावती, वडिलांच्या खात्यातून आलेल्या ६ लाखांची नोंद, हे आजच शोधून ठेवा. स्त्रीधन ही पत्नीची पूर्ण मालकीची मिळकत आहे, हे १९८५ पासून निर्विवाद आहे. अर्थात हीच पट्टी हप्त्यांनाही लागेल आणि ते बराच काळ त्यांच्या खात्यातून गेले आहेत, त्यामुळे हिशेब मांडण्यापूर्वी वकिलांबरोबर बसून हा मुद्दा आपल्या बाजूने जातो की उलटा, ते आकड्यांवर तपासा. काही वेळा समान हिस्सा मान्य करणेच फायद्याचे ठरते.

कोपरखैरण्याचा रहिवासी

वकीलसाहेबांनी जे सांगितले ते मला सहा वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर, म्हणून लिहितो आहे.

माझा आणि माझ्या पूर्वपत्नीचा कोपरखैरण्यात फ्लॅट होता. आम्ही दोघांनी रागाच्या भरात विक्रीच मागितली. तिला मी तिथे राहायला नको होतो आणि मला ती नको होती, इतका साधा विचार होता. प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे हिस्से ठरवणारा पहिला निकाल, झाला, मग विक्रीचे काम पाहायला कोर्ट कमिशनर नेमले गेले, त्यांनी मूल्यांकन करून घेतले, राखीव किंमत ठरली आणि जाहिरात निघाली. पहिल्या लिलावात राखीव किमतीपर्यंत कोणी आलेच नाही. दुसऱ्या वेळी किंमत खाली आणावी लागली आणि फ्लॅट अखेर विकला गेला, पण त्याच सुमारास आमच्याच सेक्टरमधल्या तशाच फ्लॅटला मिळालेल्या भावापेक्षा तो सुमारे एक षष्ठांश कमीला गेला. सुरुवातीपासून पैसे हातात पडेपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ गेला.

भाव का पडतो हे मी नंतर समजून घेतले. न्यायालयाच्या लिलावात बोली मान्य झाली की २५ टक्के रक्कम लगेच भरावी लागते आणि बाकीची पंधरा दिवसांच्या आत. सामान्य नोकरदाराला पंधरा दिवसांत गृहकर्ज मिळून पैसे हातात येत नाहीत, म्हणून ज्याला खरोखर राहायला घर हवे असते तो माणूस लिलावाकडे फिरकत नाही. उरतात ते रोख रक्कम बाळगणारे आणि लिलावातली घरे स्वस्तात घेऊन पुढे विकणारे. त्यातून आत कोणी राहत असेल, तर ताबा मिळायला किती त्रास होईल याची किंमतही ते बोलीतून वजा करतात. शिवाय आमच्याकडे जमीन सिडकोची भाडेपट्ट्याची, त्यामुळे हस्तांतर शुल्क आणि परवानगीचा आणखी एक फेरा होता. सोसायटीची थकबाकी, कमिशनरांचे मानधन, जाहिरातीचा खर्च हे सगळे आधी वजा झाले आणि मग जे उरले ते आम्ही वाटून घेतले.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. त्याच वाटणी कायद्यात असे आहे की अशा लिलावात सहमालक स्वतःही बोली लावू शकतो, न्यायालयाने परवानगी दिली तर अनामत न भरता आणि स्वतःच्या हिश्शाची रक्कम बोलीतून वळती करून. सहमालकाची आणि बाहेरच्याची बोली सारखीच झाली, तर ती सहमालकाची समजली जाते. मी तिथे मागच्या बाकावर नुसता बसून होतो. माझ्या मुलीची उंची ज्या दाराच्या चौकटीवर आम्ही दरवर्षी पेन्सिलीने मांडत असू, ते घर माझ्यासमोर गेले आणि मी हात वर केला नाही, कारण मला हात वर करता येतो हेच ठाऊक नव्हते.

ताई, तुमच्या मुलासाठी तरी कलम ३ चा अर्ज वेळेत द्या.

निवृत्त, गृहकर्ज विभाग

मी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात होतो. वरच्या दोन्ही उत्तरांत बँकेचा उल्लेख ओझरता आला आहे आणि तो पुरेसा नाही, कारण तुमच्या घरावर पहिला हक्क सध्या नवऱ्याचाही नाही आणि तुमचाही नाही, तो बँकेच्या गहाणाचा आहे.

न्यायालयाने काहीही हुकूम केला तरी बँकेच्या दृष्टीने तुम्ही दोघे पूर्ण कर्जाला जबाबदार आहात. भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे बँक कोणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकते, आणि ज्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरले तो दुसऱ्याकडून त्याचा भाग वसूल करू शकतो. तुम्ही एकटीने भरलेल्या हप्त्यांचा निम्मा भाग मागण्याचा आधार हाच आहे. ३२ महिने गुणिले ४६ हजार म्हणजे १४ लाख ७२ हजार, त्याचे निम्मे ७ लाख ३६ हजार. खात्याचा उतारा बँकेकडून सही-शिक्क्यासह घ्या.

हप्ता मात्र कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका. "तोही सहकर्जदार आहे, त्याला झळ बसू दे" असे म्हणून हप्ते थांबवणारी जोडपी मी पाहिली आहेत. ९० दिवस थकले की खाते अनुत्पादक, म्हणजे बुडीत जाण्याच्या मार्गावरचे, ठरते, मग थकीत कर्जासाठी बँकेला गहाण मिळकत ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर घर बँकेच्या लिलावात जाते. वाटणीचा दावा चालू आहे म्हणून बँक थांबत नाही.

आता तुमचा अंदाजे हिशेब मांडतो. मूल्यांकन १ कोटी ४० लाख झाले असे धरू. कर्जाचे २६ लाख वजा केले की १ कोटी १४ लाख उरतात. समान हिस्सा धरला तर नवऱ्याचे ५७ लाख, आणि त्यातून तुमचे ७ लाख ३६ हजार वळते झाले तर त्याला देणे सुमारे ४९ लाख ६४ हजार. जुने कर्ज फेडण्यासाठी २६ लाख आणि हे, मिळून तुम्हाला ७५ ते ७६ लाखांची सोय करावी लागेल. साडेआठ टक्के दराने १८ वर्षांसाठी त्याचा हप्ता ६९ हजारांच्या आसपास येतो. तुम्ही पगार लिहिलेला नाही, पण सर्व हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत असतील तर बँकेला प्रकरण सोपे वाटते. त्याच्या वर गेले की कुरबुर सुरू होते.

यासाठी आत्ताच दोन बँकांकडून पात्रतेचे पत्र घ्या आणि प्रकरणाची खरी स्थिती अर्जात लिहा. कौटुंबिक दावा लपवून घेतलेली मंजुरी पुढे कायदेशीर छाननीत अडकते. कर्ज बदलत्या व्याजदराचे असेल तर मुदतीआधी फेडण्याचा दंड तुम्हाला लागणार नाही, रिझर्व्ह बँकेने तो २०१२ मध्ये बंद केला. आणि नवऱ्याचे सहकर्जदार म्हणून नाव कमी करणे हे न्यायालयाच्या हुकूमाने आपोआप होत नाही, त्यासाठी बँकेची संमती लागते. जुने कर्ज पूर्ण फेडून तुमच्या एकटीच्या नावाने नवे घेणे हाच त्यावरचा स्वच्छ मार्ग आहे.

पाचपाखाडी

सगळ्यांचे वाचले, तरी मला वेगळे वाटते. ६९ हजारांचा हप्ता एकट्या बाईने १८ वर्षे भरायचा, वय साठ होईपर्यंत, हे घर राखणे आहे की घराने माणसाला राबवणे? कोपरखैरण्याच्या दादांचा अनुभव लिलावाचा आहे. न्यायालयाबाहेर दोघांनी मिळून दलालामार्फत खुल्या बाजारात विकले तर पूर्ण भाव मिळतो आणि कर्ज फेडून हातात पन्नास-साठ लाख येतात. त्यातून ढोकाळी किंवा कळव्याकडे एक बेडरूमचे छोटे घर फारसे कर्ज न करता घेता येईल. माझ्या बहिणीने असेच केले आणि ती रात्री शांत झोपते. मुलाची शाळा तिथून बसने करता येते.

कासारवडवलीची वाचक

तुम्ही सर्वांनी इतका वेळ दिलात याबद्दल मनापासून आभार. कोपरखैरण्याच्या दादांचा निरोप मी दोनदा वाचला.

माझा हातात येणारा पगार १ लाख १५ हजार आहे, म्हणजे बँकेतल्या काकांच्या हिशेबाने माझा हप्ता साडेसत्तावन्न हजारांच्या पुढे जाऊ नये. कॅलक्युलेटरवर पाहिले तर त्यात ६३ लाखांच्या आसपास कर्ज बसते. १२ ते १३ लाख कमी पडतात. भविष्य निर्वाह निधीतून काही मिळेल आणि भाऊ ५ लाख द्यायला तयार आहे. अवघड आहे, पण अशक्य दिसत नाही.

पाचपाखाडीच्या ताई, तुमचे म्हणणे मी टाकून देत नाही. दहावीनंतर कदाचित मी तेच करीन. पण आज मला मुलाला दोन वर्षांत दुसऱ्यांदा काहीतरी मोडताना दाखवायचे नाही.

माझे तीन प्रश्न उरले आहेत. आई म्हणते त्याप्रमाणे पत्नी म्हणून राहण्याचा हक्क आहेच, मग हे सगळे कशाला? दुसरे, नवऱ्याने मधल्या काळात त्याचा हिस्सा तिसऱ्याच कोणाला विकला तर? आणि तिसरे, ओळखीतल्या एकांनी सांगितले की नवऱ्याकडून बक्षीसपत्र करून घेतले तर २०० रुपयांत काम होते. हे खरे आहे का?

नौपाडा वकिली

ताई, क्रमाने सांगतो.

तुमच्या आई अर्ध्या बरोबर आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ च्या कलम १७ ने पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे आणि कलम १९ खाली दंडाधिकारी तिला घराबाहेर काढण्यास मनाई करू शकतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरापर्यंतही पोहोचू शकतो असे सांगून २००६ चा आपलाच उलटा निर्णय चुकीचा ठरवला. पण तो संरक्षण मागण्याचा मार्ग आहे, त्यासाठी कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार असावी लागते, आणि कलम १७ मध्येच "कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय" घराबाहेर काढता येणार नाही असे शब्द आहेत. सहमालकाने रीतसर मागितलेली वाटणी ही कायद्याने ठरवलेली रीत आहे. राहण्याच्या हक्काने तुम्हाला वेळ मिळू शकतो, पर्यायी निवाऱ्याची अट मिळू शकते, पण मालकीचा प्रश्न त्याने सुटत नाही. केवळ त्यावर विसंबून कलम ३ चा अर्ज न देणे ही चूक ठरेल. आणि घडलेले नसताना हिंसाचाराची तक्रार करू नका. ज्या गोष्टी खऱ्या आहेत त्यांच्यावरच तुमची बाजू पुरेशी भक्कम आहे.

दुसरा प्रश्न. दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधील राहते, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५२. महाराष्ट्रात मात्र दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी, तिला व्यवहारात "लिस पेन्डन्सची नोटीस" म्हणतात. याचिका यजमानांची असली तरी ती नोटीस तुम्हीही नोंदवू शकता. त्याखेरीज न्यायालयाकडे मनाईचा अर्ज करा आणि सोसायटीला लेखी कळवा. मूळ कागद बँकेत असल्यामुळे परस्पर व्यवहार होणे तसेही कठीण आहे, पण साठेखत करून कोणाकडून आगाऊ रक्कम घेतली जाण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. मग तो तिसरा माणूस दाव्यात सामील व्हायला येतो आणि वर्ष वाया जाते.

तिसऱ्या प्रश्नात बरीच माणसे फसतात, म्हणून लक्ष द्या. महाराष्ट्रात राहती मिळकत पती किंवा पत्नीला बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, हे खरे. बाकीचे अधिभार आणि नोंदणी फी दुय्यम निबंधक कार्यालयातून विचारून घ्या. पण बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेले. तुम्ही त्यांना ४९ लाख देणार असाल तर ते बक्षीस नाही, ती हिश्शाची विक्री आहे, आणि कागदावर बक्षीस लिहून मागून पैसे देणे म्हणजे मोबदला दडवणे. पुढे मुद्रांक अधिकारी, प्राप्तिकर खाते किंवा स्वतः यजमानच ते उकरून काढू शकतात. खरोखर मोबदला न घेता ते हिस्सा सोडायला तयार झाले, उदाहरणार्थ मुलाच्या पोटगीच्या आणि शिक्षणाच्या एकूण तडजोडीत, तर त्या तडजोडीची शब्दरचना आणि मुद्रांकाची बाजू वकिलांकडून आधी तपासून घ्या. बक्षीसपत्राची सवलत पती-पत्नीच्या नात्यावर उभी आहे, घटस्फोटाच्या हुकूमानंतर ते नाते राहत नाही, त्यामुळे तो मार्ग निवडलात तर कागद हुकूमाआधी नोंदला गेला पाहिजे.

तडजोडीचा विषय निघालाच आहे तर पाचपाखाडीच्या ताईंच्या मुद्द्याबद्दल. खुल्या बाजारातली विक्री लिलावापेक्षा चांगली, यात वाद नाही. पण तीसुद्धा दोघांच्या सह्यांवर चालते आणि ऐन वेळी एकाने सही अडवली की ग्राहक निघून जातो. तसे करायचे ठरले तर तोंडी समजुतीवर जाऊ नका. न्यायालयात तडजोडीच्या अटी दाखल करा, त्यात किमान किंमत, मुदत, ग्राहकाचे पैसे थेट कर्जखात्यात जाण्याची सोय आणि मुदतीत विक्री न झाल्यास तुम्हाला हिस्सा घेण्याचा पहिला हक्क, हे सगळे लिहून घ्या. विक्रीवर होणारा भांडवली नफ्याचा कर दोघांना आपापल्या हिश्शापुरता भरावा लागतो आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्यामुळे ग्राहक एक टक्का कर कापून घेतो, हेही हिशेबात धरा. कौटुंबिक न्यायालयाला कलम ९ प्रमाणे समेटाचा प्रयत्न करणे बंधनकारक आहे, तेव्हा समुपदेशकांपुढे हा विषय मांडायला संकोच करू नका.

खर्चाबद्दल दोन गोष्टी. महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक संबंधांतून उद्भवलेल्या मिळकतीच्या वादांत स्त्री पक्षकारांना न्यायालय शुल्क माफ केले आहे. हप्त्यांच्या वसुलीसाठी प्रतिदावा करायचा झाला तर त्याचा उपयोग होईल का, हे वकिलांना विचारा. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. तुमचे वकील ठरलेले आहेत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिले.

कोपरखैरण्याचा रहिवासी

मूल्यांकनाबद्दल एक राहिले. आमच्या वेळी मूल्यांकनकार घर आतून न पाहताच अहवाल देऊन मोकळे झाले आणि आम्ही दोघांनीही हरकत घेतली नाही. ताई, मूल्यांकनाच्या दिवशी घरी थांबा. गळती, जुनी वायरिंग, वाहनतळाची जागा करारात आहे की नुसती सोसायटीने दिलेली, हे त्यांना दाखवा. इमारतीत नुकताच फ्लॅट गेला म्हणता, तर त्याच्या नोंदणीकृत कराराची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) काढून ठेवा, कारण तोंडी सांगितलेल्या १ कोटी ४० लाखांत फर्निचरही धरलेले असू शकते.

कासारवडवलीची वाचक

सूची क्रमांक दोन आजच काढली. नोंदलेली किंमत १ कोटी २९ लाख आहे. दादा, तुमचे फार उपकार झाले.

सराफाची २०१३ ची पावती सापडली आहे, वडिलांच्या खात्याचा उतारा बँकेकडे मागितला आहे. दिरांनाही कलम ३ वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, की दादाशी मी बोलतो, मूल्यांकनाने जे ठरेल ते त्याने घ्यावे. उद्या वकिलांकडे जाते आहे. अर्जात मी १ कोटी २९ लाखांचा आकडा लिहू का?

नौपाडा वकिली

लिहू नका. "न्यायालय मूल्यांकनाने ठरवील त्या किमतीस" एवढेच लिहा. तुम्ही लिहिलेला आकडा समोरची बाजू किमान किंमत म्हणून धरून बसेल. सूची क्रमांक दोन मूल्यांकनकार नेमले गेल्यावर त्यांच्यासमोर द्या. आणि अर्जावर तारखेच्या दिवशी न्यायालयात दाखल झाल्याचा शिक्का घेऊन त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.